नऊ नंबरची खोली

संग्रहालयात नोकरीला आहे असं म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काहीतरी भव्य उभं राहतं. नऊ नंबरच्या डोळ्यांपुढे गेली चोवीस वर्षं होती ती एक दगडी मोरी, एक विझलेली चूल आणि एक चित्र. टेकडीवरच्या त्या जुन्या मठात पूर्वी संन्यासी राहत. ते गेले, मठ सरकारजमा झाला आणि त्यांच्या मूर्ती, चित्रं, घंटा, झगे असं सगळं काचेआड मांडून तिथे धार्मिक कलेचं छोटंसं संग्रहालय झालं. खोल्यांना आकडे मिळाले. स्वयंपाकघराच्या वाट्याला नऊ आला, आणि त्या खोलीवर ज्या रखवालदाराची नेमणूक झाली त्याला त्याच आकड्याने हाक मारायची पद्धत पडली. त्याचं खरं नाव हजेरीपटात होतं आणि तिथे ते सुखाने नांदत होतं.

नऊ ही शेवटची खोली. इथवर पोचेपर्यंत बघणाऱ्याने आठ खोल्या भरून संत बघितलेले असत. पाय भरून आलेले, डोळे जड झालेले, आणि पोटात सकाळपासून रिचवलेला चहा. तो दारात उभा राहून तोंड उघडे, आणि त्याने काही बोलायच्या आत नऊ नंबर स्टुलावरून न उठता हात लांब करून सांगे, "उजवीकडे, तिसरं दार." माणूस अगदी मनापासून आभार मानून निघून जाई. चोवीस वर्षांत नऊ नंबरचे जेवढे आभार मानले गेले तेवढे त्या संग्रहालयात कुणाचेच मानले गेले नसतील. त्यातला एकही चित्रासाठी नव्हता.

हे झालं नोकरीवर. घरी मात्र तो सोनेरी दालनाचा प्रमुख होता.

आता ही थाप मुळात त्याची नव्हे, त्याच्या मामाची. लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा मुलीच्या वडिलांनी विचारलं, मुलगा काय करतो? मामा म्हणाला, "संग्रहालयात असतो. सोन्याचं दालन सगळं त्याच्याच ताब्यात आहे." मामाला सोन्याच्या दालनाची काय माहिती असणार? त्याने आपलं ठोकून दिलं. आणि मुलगा शेजारी बसून आपल्या पुढ्यातल्या बशीची नक्षी बघत राहिला. लग्न झालं की पहिल्याच आठवड्यात खरं काय ते सांगून टाकायचं असं त्याने ठरवलं होतं, आणि तो तसा सरळ माणूस असल्यामुळे त्याने सांगितलंही असतं. पण त्याच आठवड्यात बायकोने ते मोठ्या बहिणीला सांगितलं, बहिणीने आपल्या नवऱ्याला सांगितलं, आणि कुठलीही थाप एकदा साडूपर्यंत पोचली की ती परत आणता येत नाही.

साडू छापखान्यात फोरमन होता. "माझ्या हाताखाली चौदा माणसं आहेत" हे वाक्य उच्चारल्याशिवाय त्याला पाणीसुद्धा मागता येत नसे. नऊ नंबरच्या हाताखाली एक स्टूल होतं. दोन्ही बहिणी एकत्र आल्या की थोरलीची चौदा माणसं निघत, आणि मग धाकटी अगदी सहज, पर्सचा बंद नीट करता करता म्हणे, "ह्यांच्याकडे बाई नुसतं सोनंच आहे. जबाबदारी किती!" ते बोलताना तिची मान अशी काही ताठ होई की ती खाली घालायला लावणं नऊ नंबरच्या जिवावर येई. खरं सांगतो, एवढ्यासाठीच तो गप्प राहिला. भित्रा होता हे आहेच, पण त्या मानेसाठी जास्त.

गप्प राहून भागत नाही, थापेला रोज खायला घालावं लागतं. सोनेरी दालन म्हणजे सहा नंबर, आणि सहा नंबरचा खरा रखवालदार होता मिशीवाला. त्याच्या मिशा एवढ्या झुबकेदार होत्या की काही लोक संत बघायचे सोडून आधी त्याच्याकडेच बघत. दुपारच्या चहाला नऊ नंबर त्याच्याकडून दालनातल्या दोन-चार गोष्टी काढून घेई आणि संध्याकाळी घरी नेऊन बायकोला सांगे. आज कोण परदेशी पाहुणे आले, कुठल्या संताच्या झग्याला सोन्याची किती पानं आहेत. कमरेला किल्ली होती. ती दालनाची म्हणून घरात प्रसिद्ध होती. होती ती फडकी ठेवायच्या कपाटाची.

बायकोने "मला एकदा दाखवा ना" म्हटलं की कधी छताचं काम निघे, कधी वाळवी निघे. एक अख्खं वर्ष तर त्याने वाळवीवर काढलं.

मग साडू निवृत्त झाला. हाताखालची चौदा माणसं एका दिवसात गेली, आणि रिकाम्या झालेल्या त्या जागेत ज्ञानाची भूक शिरली. त्याने एक वही घेतली आणि जिथे म्हणून काही बघण्यासारखं आहे तिथे जाऊन तो ते वहीत उतरवू लागला. धरण झालं, वेधशाळा झाली, बर्फाचा कारखानाही झाला. एका बुधवारी फोन आला.

"साडूभाऊ, रविवारी आम्ही येतोय. तुमचं सोनं बघायला!"

"रविवारी?" नऊ नंबर म्हणाला. "रविवारी जरा वाळवीचं—"

"चौकशी केली मी. उघडं आहे. धाकटीलाही घेऊन येतो. चोवीस वर्षांत तुम्ही तिला एकदाही आणलं नाहीत म्हणे!"

मागे उभ्या असलेल्या बायकोने हे ऐकलं. तिच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की नऊ नंबरला पुढे वाळवी काढवेना.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्याने मिशीवाल्याचे पायच धरायचे बाकी ठेवले. एक दिवस, फक्त एक रविवार, खोल्यांची अदलाबदल. बदल्यात मिशीवाल्याच्या पुढच्या तीन रविवारच्या ड्युट्या तो करणार होता. मिशीवाल्याने बराच वेळ मिशीला हात लावून विचार केला.

"माझ्या दालनात स्टूल नाही," तो म्हणाला. "उभं राहावं लागतं."

"राहतो."

"चित्रांपुढे दोरी आहे. दोरीच्या आत हात गेला की भोंगा वाजतो."

"हात कशाला घालतोय मी?"

"आणि काही विचारलं तर पाटी वाच. मनाचं सांगू नकोस."

हा शेवटचा सल्ला लाखमोलाचा होता. नऊ नंबरने तो या कानाने ऐकला आणि त्या कानाने सोडून दिला.

रविवारी दहा वाजता मंडळी आली. साडू पुढे, हातात वही. मागे दोघी बहिणी. बायकोने कपाटाच्या तळाचे बूट काढून घातले होते आणि ते तिला लागत होते, पण ती ताठ चालत होती. दालनात पाऊल टाकलं आणि ती थांबली. मठातले लोक पूर्वी इथे प्रार्थनेला बसत. दोन्ही भिंती खालपासून वरपर्यंत सोनेरी. सोन्यात संत उभे, संतांच्या डोक्यामागे आणखी सोनं. मधोमध आपला नवरा, इस्त्रीच्या गणवेशात. तिने बहिणीकडे नुसतं बघितलं.

"वजन किती भरेल एकूण?" साडूने विचारलं.

"वर्ख आहे तो."

"म्हणजे सोनं नाहीच?"

बायकोची मान किंचित हलली. नऊ नंबर घाईने म्हणाला, "म्हणजे जाड वर्ख. चांगला जाड."

साडूने लिहिलं, 'जाड वर्ख'. मग तो एका चित्रापुढे गेला. "ह्याच्या हातात सांडशी कशाला?"

आता चार बोटांवर पाटी होती. पण पाटी वाचून सांगायची तर प्रमुख कशाला म्हणायचं? "हा लोहार होता," नऊ नंबर म्हणाला.

"सांडशीत दात दिसतोय."

"लोहार दातही काढायचे तेव्हा."

साडूने चष्मा वर करून पाटी वाचली. "इथे राजकन्या लिहिलंय."

"हो हो, राजकन्याच. लोहार तिचा भाऊ."

"राजकन्येचा भाऊ लोहार?"

"त्यावरूनच तर सगळं झालं," नऊ नंबर म्हणाला, आणि विषय बदलावा म्हणून त्याने दुसरं चित्र दाखवायला हात लांब केला. स्वयंपाकघरात दोरी नव्हती, भोंगा नव्हता. चोवीस वर्षं त्या हाताला लांब व्हायची सवय. भोंग्याने अख्खा मठ दणाणून सोडला. कुणीतरी लहान मूल रडायला लागलं. संग्रहालय चालवणाऱ्या बाई ऑफिसातून धावत आल्या, मिशीवाल्याच्या जागी नऊ नंबर बघून त्यांनी डोळे बारीक केले, आणि तेवढ्यात त्यांचा फोन वाजला म्हणून तो वाचला.

पाच मिनिटांनी त्याने परत भोंगा वाजवला. या वेळी हात लांब करायचा नाही हे लक्षात होतं, म्हणून त्याने हात मागे बांधून घेतले होते. पाय गेला.

उभं राहून त्याचे गुडघे बोलू लागले होते. टेकायला स्टूल नाही. साडू प्रत्येक संताचं काम, हत्यार आणि घराणं विचारत होता. गर्दी वाढत होती. कुणी जवळ येऊन तोंड उघडलं की नऊ नंबरचा हात आपोआप उठे, "उजवीकडे, तिसरं दार," आणि तो माणूस चकित होऊन निघून जाई. या भानगडीत बायको कानाशी येऊन हळूच म्हणाली, "अहो, ते कुठे आहे हो?"

"उजवीकडे, तिसरं दार," तो म्हणाला, आणि साडूला चौथ्या संताच्या आजोळाबद्दल सांगू लागला.

आजोळ निम्मं झालं असेल, तेव्हा त्याच्या लक्षात आलं. सहा नंबरवरून उजवीकडे निघालं की पहिलं दार साताचं. दुसरं आठाचं. तिसरं...

"साडूभाऊ, जरा दालन सांभाळा. कुणाला हात लावू देऊ नका," एवढं म्हणून तो सुटला. मागे वळून बघितलं असतं तर त्याला दिसलं असतं, की साडूने वही खिशात घातली, हात मागे बांधले, छाती पुढे काढली, आणि निवृत्त झाल्यापासून प्रथमच त्याचा चेहरा उजळला.

नऊ नंबरच्या खोलीत बायको स्टुलावर बसली होती. बूट काढून शेजारी ठेवले होते. मिशीवाला चुलीपाशी उभा होता आणि आपल्याच मिशीआड लपायचा प्रयत्न करत होता.

"मी काही बोललो नाही," मिशीवाला म्हणाला.

"खूप बोलले," बायको म्हणाली. "ही खोली आपलीच आहे असं चार वेळा सांगितलं बिचाऱ्यांनी. मी विचारलंसुद्धा नव्हतं."

नऊ नंबरला वाटलं, निदान काहीतरी म्हणावं. "अगं, आज जरा अदलाबदल—"

"वळा," ती म्हणाली. "त्या भिंतीकडे बघा."

स्टुलाच्या मागे, पांढऱ्या भिंतीवर, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर तेलाचा एक डाग होता. अंडाकृती, डाव्या बाजूला कललेला. त्याने तो आजवर बघितलाच नव्हता. तो कायम त्याच्या डोक्यामागे असे.

"असाच डाग घरी तुमच्या खुर्चीमागे आहे," बायको म्हणाली. "डावीकडे कललेला. दर महिन्याला मी तो साबणाने घासते आणि दर महिन्याला तुमच्या नावाने बोटं मोडते. मी आत आले, डाग बघितला आणि म्हटलं, ह्या भिंतीला टेकून बसणारा माणूस मी ओळखते."

एवढ्यात लांब कुठेतरी भोंगा वाजला. साडूने कुणाला तरी कडक आवाजात सुनावलेलं ऐकू आलं, आणि पाठोपाठ परत भोंगा. मिशीवाल्याला सुटका झाल्यासारखं झालं. "माझं दालन!" म्हणत तो पळाला. खोलीत दोघंच राहिली. नऊ नंबरने मामापासून सुरुवात करून सगळं सांगून टाकलं. बशी, किल्ली, वाळवी, सगळं. बायको चित्राकडे बघत ऐकत होती. तिच्या मानेकडे बघायची त्याची हिंमत होईना.

सांगून संपतंय तोच पावलं वाजली. मिशीवाल्याने हुसकावलेला साडू घाम पुसत आत आला, मागून थोरली बहीण. नऊ नंबरने डोळे मिटले. चोवीस वर्षांची अब्रू आता ह्या मोरीतून वाहून जाणार, हे त्याला स्पष्ट दिसत होतं. आणि त्याची एकट्याची नाही, तिचीही.

"ही कुठली खोली?" साडूने विचारलं.

"ह्यांची," बायको म्हणाली.

"ह्यांची म्हणजे? आणि सोन्याचं दालन?"

"ते मिशीवाल्या भाऊंचं."

थोरलीने धाकटीकडे बघितलं. साडूने वही उघडली, मिटली. "म्हणजे चोवीस वर्षं साडूभाऊ आम्हाला—"

"ह्यांनी तुम्हाला कधी सांगितलं, भाऊजी? आठवून बघा. मी सांगत होते. हे बशीकडे बघत असायचे." ती उठलीही नाही. "आता आलाच आहात तर चित्र बघा. बघायचं नसेल तर सोनं उघडंच आहे." मग नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "सांगा. काय आहे ते."

त्याने सांगितलं. आधी अडखळत, मग अडखळायचं विसरून. चित्र हातभर रुंद, पाटीवर नुसतं 'स्वयंपाकघर, चित्रकार अज्ञात'. चित्रात हीच खोली होती. हीच चूल, हीच मोरी. दारातून आकाशातला उजेड आत आलेला, असला उजेड की साक्षात देवच दाराशी आला असावा. अकरा संन्यासी जिथे होते तिथे गुडघ्यांवर बसलेले, तोंडं वर. टेबलाखाली मांजर, तेसुद्धा दाराकडे बघतंय. एकटा स्वयंपाकी मात्र दाराकडे पाठ करून उभा. हातात पळी, डोळे भांड्यात. भांड्यातलं दूध काठाशी आलेलं.

"मूर्खच म्हणायचा," साडू म्हणाला. "देव दारात आणि हा दूध बघतोय."

"सगळे तेच म्हणतात. म्हणजे म्हणाले असते, कुणी बघितलं असतं तर. पण त्याचं पाऊल बघा. डावं. उभ्याने दिसत नाही, काचेवर उजेड चमकतो. खालून बघावं लागतं."

साडू माणूस चिकित्सक. तो फरशीवर गुडघे टेकून बसला, मान वाकडी केली आणि चष्मा पुसून परत बघितलं. "वळलंय," तो शेवटी म्हणाला. "अंगठा दाराकडे आहे."

"त्याला कळलंय. त्यालाही जायचंय," नऊ नंबर म्हणाला. "पण हे अकरा जण थोड्या वेळाने उठणार. उठले की भूक लागणार. मग?"

साडू खालीच बसून राहिला. "आमची मोठी मुलगी झाली," तो म्हणाला, "तेव्हा मी यंत्रापाशी होतो. निरोप आला होता. पण छपाई अर्ध्यावर होती."

"मला चांगलं आठवतंय ते," थोरली म्हणाली.

"पाऊल वळलं होतं माझं."

"ते मला कुणी सांगितलं नाही," थोरली म्हणाली, आणि पुढे होऊन तिने नवऱ्याला काखेत हात घालून उठवलं. तो दोन प्रयत्नांत उठला. त्याने वहीत काही लिहिलं नाही. बाहेरच्या अंगणात जरा हवा घेऊ, असं पुटपुटत तो बायकोच्या आधाराने निघून गेला.

दारात एक बाई आणि तिची दोन मुलं येऊन उभी राहिली. नऊ नंबरचा हात उठला, आणि तो काही बोलायच्या आत ती तिघंही उजवीकडे गेली.

"मी तुमच्यावर रागावलेय," बायको म्हणाली.

"माहीत आहे. एवढी वर्षं खोटं बोललो."

"त्याच्यासाठी नाही. खोटं मामांचं होतं, आणि मिरवलं मी. ते आपण वाटून घेऊ." तिचा आवाज बदलला होता, तिला आता खरोखरच वाईट वाटत होतं आणि ते ती लपवत नव्हती. "रोज संध्याकाळी तुम्ही मला सोनं सांगत बसायचात. झग्याला किती पानं आणि मुकुटाला किती. मी आपली हो हो करायची. मला काय करायचं होतं त्या सोन्याचं? आणि हे एवढं तुमच्यापाशी होतं, दिवसभर डोळ्यांपुढे होतं, ते एकदाही घरी आणलं नाहीत. एकदाही."

"अगं, म्हटलं, तुला काय सांगायचं," तो अगदी खरं बोलला, "एक स्वयंपाकी, त्याचं दूध, त्याची गोष्ट ती काय. कुणाला त्यात रस असणार?"

बायकोने पहिल्यांदा मान वळवून त्याच्याकडे बघितलं.

"रोज सकाळी तुम्ही, पोरं, तुमचे पाहुणे बाहेर गप्पा मारत बसता," ती म्हणाली, "तेव्हा मी कुठे असते?"

तो तिच्यापुढे उभा राहिला, मग उभं राहवेना म्हणून मोरीच्या कठड्यावर टेकला. बाहेर साडूचा आवाज येत होता. बसची वेळ होत आली होती. बायकोने पाय स्टुलाच्या आडव्या दांडीवर ठेवले आणि चित्राकडे तोंड केलं.

"बस गेली तर जाऊ दे," ती म्हणाली. "सगळं सांगा. मांजरापासून."

त्याने मांजरापासून सुरुवात केली.